ग्यानबाचा हातगुण

गावात कुणाचं जनावर मोठ्या आजारातून उठलं, की पहिल्या धारेचा तांब्या ग्यानबाच्या घरी जायचा. तांब्या पितळेचाच हवा, त्यावर पळसाचं पान झाकलेलं हवं, आणि घेऊन येणाऱ्यानं वाटेत कुणाशी गप्पा मारत उभं राहायचं नाही. आणखी एक अट होती, ती सगळ्यांत कडक. ते दूध चुलीवर चढवायचं नाही. आजारातून उठलेल्या जनावराचं पहिलं दूध विस्तवावर ठेवलं की त्याचे सड जळतात आणि गेलेला आजार माघारी येतो, असं गाव मानत होतं. कुणी कधी तापवून बघितलं होतं का? छे! दावणीला दुभती म्हैस असताना असला खेळ कोण करणार?

ग्यानबा काही डॉक्टर नव्हता. हट्टा गावाच्या रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावातला तो साधा शेतकरी. हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी, परभणीच्या नावानं सगळा कारभार चालायचा त्या काळात, जनावरांच्या दवाखान्यातला व्यंकटराव कंपाउंडर गावात यायचा. डॉक्टरांचा वार ठरलेला, जनावरं मात्र वार बघून आजारी पडत नाहीत. मग व्यंकटरावच्या हाताखाली जनावर धरायला ग्यानबा उभा राहायचा. धरता धरता सुई भरायला शिकला, भरता भरता टोचायला शिकला. व्यंकटराव रिटायर होऊन आपल्या गावी गेला आणि जाताना काचेची एक पिचकारी ग्यानबाच्या हातात ठेवून गेला.

आणि हात असा, की बघत राहावं. मारक्या म्हशीजवळ तो सरळ जायचा. आधी मानेवर थाप, मग कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटणं, आणि म्हशीला कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेर. म्हैस शेपटीसुद्धा हलवायची नाही. जनावर दुसऱ्या दिवशी कडब्याला तोंड लावायचं. गाव म्हणायचं, औषध काय कुणीबी देईल, गुण ग्यानबाच्या हाताला आहे. हे ऐकलं की ग्यानबा खाली बघायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. आवडायचं त्याला. कुणाला आवडणार नाही? त्यानं कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. तो तांब्या हाच त्याचा मान.

त्याची एक रीत होती. जनावर रवंथ करायला लागलं की औषध बंद. बाटली अर्धी उरली तर उरू दे. औषध गरम असतं, गुण आल्यावर उगाच टोचलं तर जनावराच्या अंगात उष्णता होते, दूध आटतं. उरलेली बाटली तो घरी आणायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या मागच्या कोनाड्यात ठेवायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाची गाय पडली की तीच बाटली कामाला यायची. यात लबाडी नव्हती. होती ती काटकसर आणि मुक्या जनावराची कणव. गरिबाच्या घरात दोन्ही गोष्टींना चांगलंच म्हणतात, आणि म्हणूनच ग्यानबाला कुणी कधी अडवलं नाही.

तरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. सुरुवातीला पांढऱ्या भुकटीच्या बाटलीनं जनावर एका सुईत उठायचं. पुढं दोन लागायला लागल्या. मग त्या बाटलीनं काहीच होईना, तेव्हा फाट्यावरच्या मेडिकलवाल्या प्रमोदनं पिवळ्या औषधाची बाटली दिली. काही वर्षं ती चालली. मग तीही थंड पडली आणि लाल झाकणाची आली. ग्यानबा पारावर बसून सांगायचा, "आता पयल्यासारखं औषधच येत न्हाई. सगळी भेसळ. कंपनीवाले पाणी भरून ईकून राहिले." लोक माना डोलवायचे. भेसळ कशात नाही? खतात आहे, बियाण्यात आहे, मग औषधात असणारच.

ग्यानबाच्या घरात बायको शालूबाई, मुलगा सोमेश्वर, सून मीरा आणि सोमेश्वरची पोर कोमल. कोमल अजून शाळेत जायच्या वयाची नव्हती, पण आबाचा सगळा धंदा तिला पाठ होता. तुराटीचा बोटभर तुकडा घेऊन ती शेळीला सुई द्यायची, कोंबडीला द्यायची, उंबऱ्यात भाकरी खात बसलेल्या आजीच्या दंडाला द्यायची. आधी मानेवर थाप मारायची, कानात पुटपुटायची आणि टोचून झालं की म्हणायची, "आता रवंथ कर." शालूबाई तोंडातला घास दोनदा चावून दाखवायची. घरातला तांब्याचा मानही कोमलचाच होता. पळसाचं पान काढायचं तिनं आणि पहिला पेला प्यायचा तिनं. ग्यानबा म्हणायचा, "माझ्या हाताचा गुण पोरीच्या अंगाला लागू दे."

त्या वर्षी पोळा झाल्यावर शेजारच्या हरिचंदाची म्हैस पडली. नुकती व्यालेली, पहिलटकर. हगवण अशी, की गोठ्यात पाय ठेववेना, आणि अंगात ताप. हरिचंदाची सगळी भिस्त त्या म्हशीवर. तो ग्यानबाच्या दारात आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"काका, वाचवा. तुमच्या हातात हाय आता."

ग्यानबानं कोनाड्यातली लाल झाकणाची अर्धी बाटली काढली. थाप मारली, पुटपुटला, टोचली. दुसऱ्या दिवशी परत टोचली. त्याच्या पुढच्या सकाळी म्हशीनं मान वर केली आणि जबडा हलवायला लागली. हगवण पुरती थांबली नव्हती, पण रवंथ म्हणजे रवंथ. ग्यानबानं पिचकारी पुसून खिशात ठेवली.

"झालं. आता काय देऊ नको. पेंड दे थोडी थोडी."

दोन दिवसांनी हरिचंद तांब्या घेऊन आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. म्हशीची कास त्यानं फडक्यानं पुसून घेतली असेल, पण ज्या गोठ्यात आठवडाभर ती घाण चालली होती तिथं कास पुसून किती पुसणार? कोमल पायरीवर बसूनच होती. तिनं पान काढलं. दूध अजून कोमट होतं, वर फेस होता. तिनं पेला तोंडाला लावला, गटागटा प्यायली आणि वरच्या ओठावर पांढरी मिशी घेऊन आबाकडं बघून हसली. ग्यानबाची आणि तिची मिशी सारखी झाली म्हणून सगळे हसले. उरलेल्या दुधात शालूबाईनं विरजण लावलं.

कोमलला ताप आला तेव्हा कुणाच्या मनात दुधाचा विचारसुद्धा आला नाही. पोट बिघडलं, ताप आला, लेकरांना येतोच. सोमेश्वरनं फाट्यावरून प्रमोदकडून पातळ औषध आणलं. ताप उतरला, परत चढला. मग वसमतच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, सुया दिल्या. पोरीनं एक दिवस खिचडी खाल्ली, सोमेश्वरनं औषधं थांबवली आणि तिला घरी आणलं. कोमल रवंथ करायला लागली होती, असंच म्हणायचं. दोन दिवसांनी अंग असं तापलं, की मीरानं तिला मांडीवरून खाली ठेवलीच नाही, तशीच नांदेडच्या गाडीत बसली.

नांदेडच्या दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. पल्लवी तिचं नाव, कळमनुरीची. बोलणं शहराचं होतं, पण ग्यानबाला समजावताना ती गावाकडची व्हायची. तिनं कोमलच्या दंडातून रक्त काढून बाटलीत घेतलं आणि सांगितलं, की या रक्तातले जंतू वाढवून बघायचे, मग कोणत्या औषधानं ते मरतात ते बघायचं. त्याला वेळ लागतो. तोवर जे आहे ते देत राहायचं.

देत राहिले. दर वेळी नवी बाटली लागायची आणि सोमेश्वर आशेनं तिच्याकडं बघायचा. ताप मात्र संध्याकाळ झाली की आपल्या वेळेवर यायचा. कोमलचं पोट फुगलं, ओठ फुटले. शिरा सापडेनात म्हणून सिस्टरला परत परत टोचावं लागायचं. एका दुपारी सिस्टर ट्रे घेऊन आली तेव्हा कोमलनं हात चादरीखाली लपवला आणि ग्यानबाकडं बघितलं.

"आबा, तुमी टोचा. तुमची सुई दुखत न्हाई."

"तुला कुणी सांगितलं, बाई?"

"म्हशी रडत न्हाईत."

गावातलं आडदांड जनावर ज्याच्यासमोर मान खाली घालतं, तो माणूस आपल्या नातीच्या खाटेजवळ दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. सिस्टर भली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं डोक्यावरून हात फिरवा, मी टोचते." ग्यानबानं हात फिरवला. कानाशी तोंड नेऊन म्हशीला म्हणायचा तेच पुटपुटला. त्यात मंत्रबिंत्र काही नव्हतं. "माय माझी, उगी, झालंच," एवढंच असायचं. कोमल रडली नाही. त्याला मात्र ते बघवलं नाही आणि तो व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

रक्ताचा निकाल आला तेव्हा पल्लवी डॉक्टरनं ग्यानबा आणि सोमेश्वरला बाजूला घेतलं. टायफॉइडच्याच जातीचे जंतू आहेत, म्हणाली, पण हे बहुतेक जनावरांतून येतात. कच्चं दूध, कच्चं अंडं, घाण पाणी. घरात कुणी कच्चं दूध दिलं होतं का?

सोमेश्वरनं बापाकडं बघितलं. ग्यानबानं सगळं सांगितलं, तांब्यापासून सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, "म्हशीला कोणतं औषध दिलं होतं?"

"लाल झाकणाचं."

नाव त्याला येत नव्हतं, पण बाटलीवरची अक्षरं त्यानं इतकी वर्षं बघितली होती, की समोरच्या कागदावर त्यानं त्यातली पहिली चार बरोबर काढून दाखवली. पल्लवी डॉक्टरनं ती अक्षरं दोनदा वाचली.

"बाबा, ते औषध आणि आम्ही कोमलला आधी दिलेलं औषध, दोन्ही एकाच भावकीतली. जो जंतू एक सोसतो तो दुसरंही सोसतो. हे जंतू तर बाकीच्या भावक्यांनाही ओळखून आहेत. आता एकच औषध उरलंय, ते आज सुरू करतो. पण पोरगी फार थकलीय."

"म्या पुरी बाटली दिली असती तर?"

"अर्ध्या औषधानं कमजोर जंतू मरतात. दांडगे राहतात आणि त्यांचीच पैदास होते."

ग्यानबाला एकदम हराळी आठवली. वावरातली हराळी वरवर खुरपली, की रान दोन दिवस स्वच्छ दिसतं. मग जिची मुळं खोल राहिली तेवढीच वर येते, आणि खुरप्याला ऐकत नाही. हे तर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. वावरात ठाऊक होतं, गोठ्यात ठाऊक नव्हतं.

"म्हंजी म्याच…" तो म्हणाला.

"तुम्ही एकटे नाही, बाबा," डॉक्टर म्हणाली. "कोंबड्यांना पाण्यातून देतात, माणसंसुद्धा दोन गोळ्या खाऊन सोडतात. आम्ही डॉक्टरही कमी नाही. कुणाच्या हातून झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही."

ती धीर द्यायला बोलली होती. पण ग्यानबाला त्यानं धीर आला नाही. सगळ्यांनी मिळून केलेल्या गोष्टीला एकट्यानं काय करायचं असतं? कुणाचे पाय धरायचे असतात?

शेवटचं औषध चालू झालं आणि ताप खरंच उतरायला लागला. सोमेश्वरनं व्हरांड्यात येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मीरानं पहिल्यांदा पोटभर चहा घेतला. पण पोरीत आता काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना, ताप नसलेल्या थंड अंगानं, कोमल गेली. जाताना तिचा हात चादरीखालीच होता.

गावात सगळे भेटायला आले. बायका मीराच्या गळ्यात पडल्या. ग्यानबा जो येईल त्याला सांगत होता, की हे कच्च्या दुधानं झालं, अर्ध्या औषधानं झालं, माझ्या हातानं झालं. लोक ऐकून घ्यायचे आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. नातीच्या दुःखानं म्हातारा बडबडतोय. परतताना पारावर म्हणायचे, नांदेडात नेऊन घोळ केला. तिथं काय, शिकाऊ पोरंपोरी सुया टोचतात. एका संध्याकाळी मीरा चुलीपुढं बसल्या बसल्या बोलली. तिनं सासऱ्याला कधी वर मान करून उत्तर दिलं नव्हतं.

"मामंजी, ती तुमाला म्हनली व्हती, तुमी टोचा. काहून न्हाई टोचली तुमी?"

ग्यानबानं तिच्याकडं बघितलं. ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की त्यानं टोचली असती तर पोर वाचली असती. अख्खं गाव एकीकडं आणि पोरीची आई एकीकडं, आणि सगळ्यांचा त्याच्या हातावरचा विश्वास अजून जसाच्या तसा. त्याला वाटलं, हिनं आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं पिचकारी गाडग्यात घालून उतरंडीच्या तळाला ठेवून दिली.

तुरी कापायच्या दिवसांत हरिचंदाची तीच म्हैस परत पडली. तसाच ताप, तशीच हगवण. हरिचंद आला आणि ग्यानबानं नाही म्हटलं.

"दवाखान्यात जा. डॉक्टर जेवढं सांगंल तेवढं पुरं दे. रवंथ करू दे न्हाईतर नाचू दे, मधी थांबू नको. आन् तिचं दूध उकळल्याबिगर कुणाला पाजू नको."

"काका, तुमी असं काहून बोलून राहिले? तुमचा हात लागला की उठती ती."

"मपल्या हातात काय न्हाई रे. कधीच नव्हतं."

हरिचंद हिरमुसून गेला. पण माणूस तरी काय करणार? दवाखान्याचा वार दूर होता आणि म्हैस समोर पडली होती. त्यानं प्रमोदकडून लाल झाकणाची बाटली आणली. टोचताना त्यानं इतकी वर्षं ग्यानबाला बघितलेलं होतंच. मानेवर थाप मारली, कानात पुटपुटला, टोचली. अर्धी बाटली गेली आणि म्हशीनं जबडा हलवला.

मग तो आला. धुतलेला सदरा, पितळेचा तांब्या, वर पळसाचं पान. दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली अर्धी बाटली.

"काका, तुमीच शिकवलेलं सगळं. म्या नुसती सुई धरली, गुण तुमचाच हाय. ही उरलेली तुमच्या कोनाड्यात ठेवा, कुणाच्या तरी कामाला येईल. आन् हे दूध." त्यानं तांब्या पुढं केला. "कोमल न्हाई, ठावं हाय मला. पर मान तुमचा हाय, तो कसा मोडू?"

किती प्रेमानं आणलं होतं त्यानं! ग्यानबाला ओरडायचं होतं. त्यानं बाटली घेतली, अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आपटून फोडली. मग तांब्या घेऊन आत गेला, चुलीत काटक्या सारल्या, फुंकणीनं जाळ केला आणि दूध पातेल्यात ओतून वर चढवलं.

शालूबाई दळण टाकून धावत आली. "अवं, हे काय! हरिचंदाच्या म्हशीचं वाटोळं करता का?"

"सर बाजूला."

हरिचंद दारात उभा राहून बघत होता. "काका, मपल्याशी काय वैर हाय तुमचं?"

"बाबा रे, हे असंच प्यायचं असतंय. उकळून. तुबी असंच पाजत जा लेकराला."

दूध वर आलं, चुलीत उतू गेलं, जळकट वास सुटला. हरिचंद तांब्यासुद्धा न घेता निघून गेला. ग्यानबानं पातेलं उतरवलं आणि समोर ठेवून बसला. उकळलेलं दूध तर झालं होतं, पण ते पाजायला आता घरात लेकरू नव्हतं. साय धरेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

चौथ्या दिवशी म्हैस परत आडवी झाली.

होणारच होती. अर्धी बाटली म्हणजे अर्धीच. ग्यानबाला ते कळत होतं, पण कळणारा तो एकटा, आणि गावाला दिसत होतं ते अगदी स्वच्छ. उठलेली म्हैस, ग्यानबानं दूध जाळलं, म्हैस परत पडली. आता आणखी काय पुरावा पाहिजे? इतकी वर्षं जी गोष्ट नुसती ऐकीव होती ती सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. पाराजवळून ग्यानबा चालला की गप्पा थांबायच्या. कुणी वाईट बोललं नाही, जुन्या मानाला तेवढी जागा ठेवली. पण बायका आपापल्या वासरांच्या गळ्यात काळा दोरा बांधायला लागल्या. पोरीच्या दुःखानं त्याचा हात उलटा झाला, असं ठरलं.

ग्यानबा हरिचंदाकडं गेला होता. गोठ्याच्या दाराशीच हरिचंदानं त्याला थांबवलं. "काका, हात जोडतो. आत येऊ नका." ग्यानबानं तिथूनच सांगायचा प्रयत्न केला. हराळीचं सांगितलं, जंतूंच्या पैदाशीचं सांगितलं. सांगता सांगता त्याला स्वतःलाच आपलं बोलणं खुळ्यासारखं वाटायला लागलं. हरिचंद मान खाली घालून उभा होता, ग्यानबा कधी जातो याची वाट बघत.

प्रमोदकडून नवी बाटली आली. या वेळी लाल झाकणाचीही नव्हती, त्याहून भारी, निळ्या झाकणाची. हरिचंदाचा हात आता बसला होता. दोन सुयांत म्हैस उठली. गाव म्हणालं, हरिचंदाच्या हाताला गुण आला.

एका सकाळी ग्यानबा डोक्यावर तुराट्यांची पेंढी घेऊन वावरातून येत होता. हरिचंदाच्या गोठ्यापाशी त्याची पावलं आपोआप मंदावली. हरिचंद म्हशीखाली उकिडवा बसून धार काढत होता. पितळेच्या दुसऱ्या एका तांब्यावर फेस चढत होता. शेजारी त्याची बायको कडेवर पोरगं घेऊन उभी होती. नुकतं चालायला लागलेलं, डोळ्यांत भरपूर काजळ घातलेलं. त्याच्या हातात पेला होता. आता गुण ज्याच्या हातात, मान त्याच्या घरात. ग्यानबाला सगळं एका नजरेत समजलं.

त्यानं पेंढी खाली टाकली. "हरिचंदा, उकळ रे! निदान लेकराचं तेवढं उकळ!"

हरिचंदानं वळून बघितलं नाही. त्यानं तांब्यातलं दूध पेल्यात ओतलं. त्याच्या बायकोनं मात्र बघितलं. ग्यानबाची नजर पेल्यावर पडलेली दिसताच ती दचकली, पाठ फिरवून उभी राहिली आणि तिनं पेला आणि पोराचं तोंड दोन्ही पदराखाली घेतलं. त्याच्या दृष्टीपासून आपलं लेकरू जपायचं होतं तिला. कोणत्याही आईनं तेच केलं असतं.

ग्यानबा रस्त्यावर उभा होता. पदराआड पोरगं घाईघाईनं दूध पीत होतं, त्याचे घोट त्याला ऐकू येत होते.